पोचल्याचा फोन

१

दोन विमानांच्या मधे माणूस कुठं असतो?

संघपालनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो नागपूरच्या विमानतळावर, काचेपलीकडच्या पोरीला. तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "सर, पॅसेंजरने बोर्डिंग केलेलं नाही." मग त्यानं फोनवरच्या बाईला विचारलं, तिनं गाणं लावून दिलं. पेटीसोबत आलेल्या कंपनीच्या माणसाला विचारलं, त्यानं सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. शेवटी घाटावर भंतेजींना विचारलं. भंतेजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवणं म्हणजे उत्तर नव्हे, एवढं आठवी नापास संघपाललाही कळत होतं.

तसं प्रवासाचं गणित साधं होतं. त्याची मोठी बहीण सरिता आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात नर्स होती आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी निघाली होती. संघपालला वाचायचा कंटाळा. त्यानं मोबाइललाच तोंडी विचारलं होतं, "डब्लिन से नागपूर कितना टाइम?" मोबाइलमधली बाई फाडफाड बोलली: अंतर आठ हजार किलोमीटरला थोडं कमी, सरळ उडालं तर नऊ-दहा तास. तो खूश झाला. सकाळी चहा पिऊन निघाली की रात्री जेवायला घरी! पण तसं सरळ उडणारं विमान कुठल्याच कंपनीकडे नव्हतं. मग सांगितलं कशाला? खरं तिकीट वेगळंच होतं. सात तासांत वाळवंटातलं एक भलंमोठं विमानतळ, तिथं सहा तास बसून राहायचं, मग चार तासांत नागपूर. उडण्याचे अकरा तास सगळ्यांना पाठ होते. मधले सहा कुणाचेच नव्हते.

त्या सहा तासांत, खुर्चीवर, हातातली बॅग पुढ्यात ठेवून बसल्या बसल्या सरिताच्या डोक्यातली शीर फुटली. समोरून हजारो लोक गेले. झोपली असेल म्हणाले असतील. भोंग्यावर तिचं नाव पुकारलं गेलं, ती उठली नाही, दार लागलं, आणि विमान तिच्यावाचून नागपूरला आलं. वेळेवर आलं. हा 'वेळेवर' शब्द आठवला की संघपालच्या हाताला काहीतरी फोडावंसं वाटे. विमानतळाबाहेरचा कचऱ्याचा डबा त्यानं त्याच दिवशी लाथेनं चेपून ठेवला होता.

२

प्रताप नगरातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढं हातभर अंगण आणि पत्र्याचं फाटक. घरावरून विमानं इतकी खाली जात की मांडणीवरची स्टीलची ताटं थरथरत. लहानपणी ताई ताटावर तळवा ठेवून न बघता सांगायची, "हे मोठं होय. हे छोटं." आणि पोट्टी कधी चुकत नसे.

घरात आजीच्या वेळची एक रीत होती. कुणी प्रवासाला निघालं की पोचल्याचा फोन येईपर्यंत झाडू मारायचा नाही. झाडलं तर जाणाऱ्याची घराकडची वाट पुसली जाते. बाबा होते तेव्हा आईला चिडवत, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, सारे देव सोडले, अन् हा एक झाडू नाही सुटून राहिला तुमच्यानं!" आई, शामला तिचं नाव, शांतपणे म्हणायची, "तो काय देव होय? झाडू होय. राहू द्या खिळ्याले."

ताई डब्लिनला गेली तेव्हा दोन दिवस घरात केर साचला होता. जायच्या आदल्या दिवशी तिच्या बॅगचं एक चाक तुटलं. संघपाल चौकातल्या सीट कव्हरच्या दुकानात कामाला होता. मालकाच्या मोडक्या खुर्चीचं लाल चाक काढून त्यानं बॅगला ठोकून दिलं. बाकीच्या तीन चाकांपेक्षा ते जरा मोठं. त्यामुळे बॅग खर्र-टक, खर्र-टक अशी लंगडत चाले. ताई तिकडून फोनवर हसायची, "संघ्या, तुह्या चाकामुळं सारं डब्लिन मागं वळून पायते बे!"

यावेळी ती निघाली तसा आईनं झाडू पुन्हा खिळ्याला टांगला. विमान आलं, ताई आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिकडून फोन आला. संघपालनं फोन ठेवला तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती. पायाशी केसांचे गुंते, आणि संघपालच्या कपड्यांतून गळालेले निळ्या रेक्झिनचे दोरे.

"येऊन राहिली ती," आई म्हणाली. "मधात कुठी अडकली असन."

"मेली ती!" संघपाल ओरडला. "कोण येऊन राहिली? कोणासाठी हा कचरा सांभाळून राहिली तू?"

त्यानं झाडू ओढला. दोन्ही खोल्या झाडल्या, आईच्या पायाखालून झाडलं, अंगण झाडलं, सगळा केर फाटकाबाहेर लोटला. आईनं अडवलं नाही. त्यानं झाडू परत टांगला तेव्हा ती एवढंच बोलली, "रस्त्यात होती ना गा ती. पेटी यायची होती अजून."

पुन्हा हा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

३

पेटी आठवड्यानं आली. झाकणाला काच होती, आणि काचेतून दिसलेला चेहरा ताईचाच होता. घाटावर त्रिशरण झालं, पंचशील झालं, अग्नी संघपालनं दिला. म्हणजे संपलं. असं सगळे म्हणाले आणि आपापल्या घरी गेले.

फक्त ती बॅग आली नाही. खुर्चीपाशी बॅग नव्हतीच, असं तिकडचे लोक सांगत.

मे लागला. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी माणूस दिसत नाही. दारं-खिडक्या बंद, घराघरातून कूलरची घरघर, रस्त्यावर फक्त ऊन. दुकान चार वाजेपर्यंत बंद राही, म्हणून संघपाल ओल्या फरशीवर उघडा पडून असे. एका दुपारी वाळवंटाकडून येणारं विमान घरावरून गेलं. ताटं थरथरली, थांबली. त्याला झोप लागत आली होती. मग बऱ्याच वेळानं, विमानतळावरून चालत यायला माणसाला जेवढा वेळ लागावा तेवढ्या वेळानं, गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला.

खर्र-टक. खर्र-टक.

आवाज पिठाच्या चक्कीपर्यंत आला आणि थांबला. मग तसाच परत गेला.

संघपाल उठला, फाटक उघडून बाहेर आला. सिमेंटचा पांढरा रस्ता दोन्ही टोकांपर्यंत रिकामा. समोरच्या घरात रुपराव काका कूलरच्या खिडकीशी पेपर घेऊन बसले होते.

"काका, आत्ता कोणी बॅग घेऊन गेलं काय इकडून?"

"या उन्हात? मरन ना बे माणूस," काका म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

संघपालनं स्वतःला समजावलं. गॅसवाल्याची हातगाडी असेल. कुणाच्या पोराची खेळण्यातली गाडी असेल. चाकं काय जगात एकच असतात? कूलरच्या घरघरीत काहीही ऐकू येतं. त्यानं कूलर बंद केला.

दुसऱ्या दुपारी कूलर बंदच होता. विमान गेलं. खर्र-टक चक्कीच्या पुढं, कडुनिंबापर्यंत आलं.

४

भीती वाटायला हवी होती, पण त्याला आधी राग आला. कोण ही थट्टा करतंय? सकाळी त्यानं बॅगेच्या तक्रारीसाठी दिलेला नंबर लावला आणि गाणं संपेपर्यंत फोन धरून ठेवला.

"सर, बॅगेज तर पोचलंय नागपूरला," पलीकडचा पोरगा म्हणाला. "घरी पण पाठवलं होतं. काल. परवा पण दिसतंय."

"कोण घेऊन आलं?"

"ते नाही दिसत. शेरा एवढाच आहे की दार उघडलं नाही."

"आम्ही दोघं बी घरात असतो लेका! कोणी बेल वाजवली? नाव सांग त्याचं!"

"सर, आवाज खाली ठेवा," पोरगा म्हणाला आणि त्यानं गाणं लावून दिलं. संघपालनं फोन भिंतीवर मारला. काच तडकली, फोन चालू राहिला.

त्याच दुपारी विमान गेल्याबरोबर तो डोक्याला दुपट्टा बांधून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. हातात विटेचा तुकडा. ऊन असं की डोळे चिकटत होते. गल्लीत यायची वाट ही एकच. येऊ दे कोण येतो तो.

कुणी आलं नाही. पण पोटऱ्यांना गार वाटलं. मोठ्या दुकानाचं काचेचं दार उघडावं आणि आतली हवा क्षणभर अंगावर यावी, तसं. मग आवाज त्याच्या पाठीमागं होता. खर्र-टक. त्याला ओलांडून गल्लीत शिरलेला, घराकडे जाणारा.

त्यानं वीट फेकली. वीट सिमेंटवर फुटली, आवाज चालतच राहिला. थेट त्यांच्या फाटकापर्यंत गेला, तिथं कितीतरी वेळ थांबला, आणि वळून परत आला. जाताना पुन्हा पोटऱ्या गार झाल्या. उलट्या फेरीत चाकं जड फिरत होती, चालणारं माणूस थकलेलं असावं तशी.

तो धावत घरी आला. आई फाटकाच्या आतल्या बाजूला, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होती.

"गेली," ती म्हणाली. "आजबी नाही आली आत."

५

म्हणजे आईलाही ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून. संघपालच्या मनाला जी शेवटची पळवाट होती, उन्हानं डोकं फिरलं ही, ती तिथंच बंद झाली.

आई दुपारचं जेवण दोन ताटांत वाढून ठेवी आणि एकालाही हात लावत नसे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. संघपालनं तिला धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, जेवलं पाहिजे. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "चाल लवकर. विमानाची वेळ होऊन राहिली."

"आई, आपण असलं काही मानत नाही. बाबा काय म्हणायचे?"

"मी कुठी भूत म्हणून राहिली? पोरगी होय माही. सहा तास बसली तिथी, कोणी उठवलं नाही. आता दारापर्यंत येते अन् तू वाट पुसून ठेवली." बऱ्याच दिवसांनी तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "रागावून नाही म्हणत गा. पण पोचल्याचा फोन नाही आला तिचा. तोवर मी कशी जेवू?"

त्या दिवशी दुपारी विमान गेलं. ताटं थरथरली. संघपालनं ठरवलं होतं, आज फाटकाला कुलूप घालायचं. कुलूप शोधायला तो आतल्या खोलीत गेला आणि पलंगाखाली त्याला आईची कापडी पिशवी दिसली. दोन लुगडी, चष्मा, औषधाची बाटली, ताईला आवडायच्या तिळाच्या चटणीचा डबा.

ती येऊ शकत नव्हती, म्हणून आई जाणार होती.

बाहेर खर्र-टक फाटकाशी येऊन थांबलं, आणि लगेच कडीचा आवाज झाला. संघपाल झेपावला. आईचा हात कडीवर, चेहरा उजळलेला. "ये बाई, थांब, मीच येतो," ती फाटकाला सांगत होती. त्यानं तिला कमरेला धरून मागं ओढलं. दोघंही फरशीवर पडली, आणि त्याचा गाल जमिनीला टेकला.

फाटकाखाली वीतभर फट होती.

फटीतून त्याला लाल चाक दिसलं. त्यानंच ठोकलेलं, खिळ्याचं डोकं जरा तिरपं. चाकामागं दोन पावलं. विमानात देतात तसले राखाडी मोजे, आत पाय सुजलेले, फार वेळ बसून राहिल्यासारखे. आणि चाकाच्या अलीकडे, रस्ताभर वाऱ्याच्या वावटळी फिरत असताना, एका रेघेत जसाच्या तसा पडलेला त्या संध्याकाळचा केर. केसांचे गुंते. निळे दोरे.

पावलं रेघेपाशी येऊन थांबली होती. अंगठे हलत होते, पुढं यायला बघत होते.

त्यानं वर पाहिलं नाही.

६

"तू घरात बस," त्यानं आईला सांगितलं. आवाज इतका शांत निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मी आणतो तिले. पोचली की फोन करतो. तोवर झाडायचं नाही."

"आणशीन ना गा?"

"आणतो म्हटलं ना."

तो बाहेर आला, फाटक ओढलं आणि बाहेरून कडी घातली. मान खालीच. नजर फक्त बॅगेवर. मूठ धरली तर ती गार होती, त्या उन्हात, बर्फाच्या दुकानातली असावी तशी.

"किती वेळ लावला वं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागच होता. "हजार लोक गेले समोरून. एकाले बी नाही वाटलं हात लावून पाहावं? मी असतो तर एकेकाची कॉलर धरली असती. काहून नव्हतो मी तिथी?"

 मुठीवर, त्याच्या हाताशेजारी, दुसरा भार आला.

त्यानं बॅग फाटकाकडे ओढली. चाकं रेघेशी अडली. उचलून पाहिली, उचलेना. त्यानं चपलेनं तो केर उधळायचा प्रयत्न केला. बोटभर केर, पण दगडावर कोरल्यासारखा जागचा हलला नाही. मग त्याला कळलं. बॅग आता एकाच बाजूला जाणार होती. ती सोडून तो आत गेला, तर उद्या पुन्हा विमान येणार, पुन्हा पावलं येणार, आणि एक ना एक दिवस त्याचा डोळा लागलेला असताना आई कडी काढणार.

आणि ताई एकटीच परत जाणार, तीही रोज.

त्यानं मूठ घट्ट केली आणि बॅग ज्या बाजूला ओढत होती त्या बाजूला चालायला लागला. शेजारी कुणीतरी चालत होतं. कडुनिंब मागं पडला. चक्की मागं पडली. चौक यायला हवा होता, आला नाही. खर्र-टकमधला खर्र हळूहळू विरत गेला. चाकं आता गुळगुळीत फरशीवर चालत होती. खाली घातलेल्या नजरेला चकचकीत लादी दिसत होती, लादीत वरच्या दिव्यांच्या रांगा, आणि दोन्ही बाजूंना खुर्च्यांचे लोखंडी पाय, जिथवर नजर जाईल तिथवर. घामानं भिजलेला शर्ट पाठीला बर्फासारखा लागला. फिनाइलचा आणि अत्तराचा वास आला. कितीतरी माणसांची पावलं बाजूनं गेली. एकही थांबलं नाही.

भोंग्यावर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. ताईचं नव्हतं ते.

बॅग एका खुर्चीपाशी थांबली. मुठीवरचा भार सुटला आणि खुर्ची हलकेच करकरली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

संघपालनं तडकलेला फोन काढला. लागला. पहिल्याच रिंगला आईनं उचलला.

"आई, पोचली वं ताई."

पलीकडे कूलर घरघरत होता. "तू पाहिलं?"

"पाहिलं. सोबतच आहो ना मी. बसली नीट. आता नाही येत ती दाराशी, तू नको उभी राहू."

"एकटी नाही ना गा?"

"नाही. एकटी काहून राहीन?"

आई रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यानं रडू दिलं. मग म्हणाला, "आता जेव. अन् जेवायच्या आधी झाडून घे."

"तू कुठी आहे? तू घरी ये, मग झाडतो."

संघपालनं दिव्यांच्या रांगा पाहिल्या. त्या झाडूखाली आता कुणाची वाट येणार होती, हे त्याला नीट कळत होतं. आणि घरात केर साचत राहिला, तर आई आज ना उद्या पुन्हा फाटकाशी उभी राहणार, यावेळी त्याच्यासाठी, हेही.

"फाटकाशीच आहो मी," तो म्हणाला. "रुपराव काकासंग बोलून राहिलो. झाड तू. फोन चालूच ठेव, मले ऐकू येऊ दे."

खिळ्यावरून झाडू निघाल्याचा आवाज आला. मग आतली खोली झाडली गेली, सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यांतून. मग बाहेरची. मांडणीखालून झाडू फिरला तसं एक ताट किणकिणलं. भोंग्यावर त्याचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. फोन कानाला दाबून धरत त्यानं सगळं ऐकलं. उंबरा आला, अंगण आलं, आणि पत्र्याच्या फाटकाखालून शेवटचा फटका बाहेर पडेपर्यंत तो मधे एकदाही 'थांब' म्हणाला नाही.